सेवेरिनचा सरकारी वाढदिवस

फोनवर कोणी इंग्रजीतून बोलू लागलं की सेवेरिनच्या तोंडून नकार निघत नसे. त्याचं इंग्रजी बरं होतं, पण ते सगळं टीव्हीवरच्या मालिकांतून आलेलं, आणि त्या मालिकांतली माणसं एक तर 'येस' म्हणत, नाहीतर गोळी घालत. उत्तर ध्रुवाजवळच्या नायालिक गावच्या एकुलत्या एका दुकानाच्या मॅनेजरला गोळी घालणं शोभलं नसतं. म्हणून जूनमध्ये जहाज कंपनीच्या बाईने विचारलं, की आमची बोट ऑगस्टात तुमच्या खाडीत येतेय, प्रवाशांना दुपारभर खरंखुरं गावातलं जगणं दाखवाल का, तेव्हा सेवेरिन म्हणाला, "येस."

तेवढ्यावर थांबला असता तर काही बिघडलं नसतं. पण बाई म्हणाली, "वंडरफुल!" आणि कौतुक झालं की सेवेरिनची जीभ त्याच्या ताब्यात राहत नाही.

"माझ्या घरीच काफेमिक ठेवतो," तो म्हणाला. "सगळ्यांना आणा."

काफेमिक म्हणजे दार सताड उघडं, टेबलावर केकच केक आणि चुलीवरून न उतरणारी कॉफीची किटली. आल्या माणसाने बूट दारात काढायचे, पोटभर खायचं, दोन गावगप्पा करायच्या आणि पुढच्याला खुर्ची मोकळी करून द्यायची. नायालिकची वस्ती साठ-सत्तर डोक्यांची, त्यामुळे हे आपोआप जमतं.

त्याची बायको ताबिता बटाटे निथळत होती.

"सगळे म्हणजे किती?"

"असतील शंभर."

"शंभर काय?"

"माणसं."

ताबिताने पातेलं खाली ठेवलं, हात पुसले आणि बैठकीच्या खोलीवरून एक नजर फिरवली. कोच, टेबल, चार खुर्च्या, टीव्ही आणि शहरात राहणाऱ्या सासूबाईंचा फोटो. मग ती नवऱ्याकडे अशी बघत राहिली, जणू तोही त्या खोलीतलं जास्तीचं सामान असावा.

"एकदम नाही, टप्प्याटप्प्याने येतील," सेवेरिन म्हणाला.

"मीही टप्प्याटप्प्यानेच जाते माहेरी," ताबिता म्हणाली.

बातमी गावात पोचायला दुकान उघडेपर्यंतचा वेळ पुरला. सल्ला ही एकच वस्तू नायालिकच्या दुकानात पैसे न देता मिळते, आणि तिचा साठा कधी संपत नाही. पहिला आला गेर्थ. हा सेवेरिनचा शेजारी आणि वर्गमित्र. हॅलिबट मासे धरण्यात पटाईत, आणि त्याहून पटाईत सेवेरिनचा पाणउतारा करण्यात.

"ऐकलं ते खरं का रे? शंभर पाहुणे?"

"खरं."

"आणि संडासाची बादली एक?"

सेवेरिनने या बाजूने विचारच केलेला नव्हता. नायालिकला गटारं नाहीत. घरोघरी बादली, बादलीत पिवळी पिशवी, आणि ती उचलायला ठरलेल्या दिवशी गाडी. दुकानात मागे जाऊन त्याने पिशव्यांचे गठ्ठे मोजले आणि चेहरा शक्य तितका निर्विकार ठेवून बाहेर आला.

"ते लोक बोटीवर जाऊन येतील," तो म्हणाला.

"येतील ना. श्रीमंत माणसांचं सगळंच वेळापत्रकाप्रमाणे चालतं," गेर्थ म्हणाला आणि तंबाखूची डबी घेऊन हसत बाहेर पडला.

मग आले अब्राहामआजोबा. हे चर्चचे निवृत्त प्रवचनकार. आयुष्यात खोटं बोललेले नव्हते, आणि दुसऱ्यालाही सुखाने बोलू दिलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, घराला रंग हवा. सेवेरिनने पुरवठ्याच्या बोटीतून लाल रंग मागवला. आला तो जांभळा, आणि तोही अर्ध्या घराला पुरेल एवढा. पाहुणे समुद्राकडून येणार, या हिशेबाने सेवेरिनने समुद्राकडची भिंत रंगवली. मागून घर पूर्वीसारखंच विटकं हिरवं राहिलं. त्यानंतर कित्येक दिवस गेर्थ त्याच्या घराला 'ती दोघं' म्हणायचा.

खरी ठेच लागली ती नगरपालिकेत. नगरपालिका तिकडे शहरात, बोटीने अर्ध्या दिवसावर. तिथल्या लोने नावाच्या बाईंना सेवेरिनने फोन केला तो खरं म्हणजे शाबासकी मिळवायला. लोनेबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"पाहुण्यांना घरी खायला घालणं वेगळं आणि परदेशी प्रवाशांना घालणं वेगळं," त्या म्हणाल्या. "पहिली झाली संस्कृती. दुसरं झालं उपाहारगृह. त्याला परवाना लागतो."

"द्या की मग."

"हात धुवायला वेगळा नळ आहे?"

"बाई, आमच्या गावात कोणाच्याच घरी नळ नाही. पाणीघरातून डबे भरून आणतो आम्ही."

"मग निरीक्षकाला येऊन तसं लिहून द्यावं लागेल."

"कधी येतील?"

"सप्टेंबरच्या शेवटी, हवा बरी असली तर."

"बोट ऑगस्टात आहे!"

"मग बोटीला सांगा," लोनेबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. उलट, काम वेळेत संपल्याचं समाधान होतं. पण फोन ठेवता ठेवता त्यांच्यातली माणुसकी जागी झाली. "हे बघा, घरगुती समारंभाला परवाना लागत नाही. बारसं म्हणा, वाढदिवस म्हणा. वाढदिवसाला वाटेने जाणारा परदेशी माणूस घरात शिरला, तर नगरपालिका त्याला अडवणार नाही."

सेवेरिनने त्या रात्रीच ताबिताला सांगितलं, "माझा वाढदिवस आहे."

"तो मार्चमध्ये झाला. तू तीन तुकडे केक खाल्लास आणि आजारी पडलास."

"हा सरकारी वाढदिवस आहे."

गावाने ही कल्पना आनंदाने उचलली, कारण वाढदिवस कोणाचाही असो, केक खराच असतो. अडले एकटे अब्राहामआजोबा. सेवेरिन ऑगस्टात जन्मला हे त्यांना मान्य होईना. त्याच्या बाप्तिस्म्याला ते स्वतः हजर होते, आणि थंडीने पाणी गोठलं होतं. ते दोन दिवस विचार करत बसले. मग त्यांनी तोडगा काढला, की जी गोष्ट सगळ्या देशासमोर जाहीर होते ती लपवाछपवी राहत नाही, आणि लपवाछपवी नाही म्हणजे पाप नाही. त्यांनी थेट रेडिओला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी शुभेच्छांच्या कार्यक्रमात, एक साखरपुडा आणि दोन पन्नाशींच्या मध्ये, निवेदकाने वाचलं: नायालिकचे दुकानदार सेवेरिन यांचा शनिवारी वाढदिवस, काफेमिक दिवसभर, सर्वांनी यावे.

सर्वांनी. हा शब्द ऐकला तेव्हा सेवेरिन दाढी करत होता. त्याला कापलं.

आमच्या किनाऱ्यावर रेडिओ सगळे ऐकतात. संध्याकाळपर्यंत खाडीपलीकडच्या मावसभावंडांचे फोन आले, की आम्ही चार बोटी घेऊन निघतो. मग ताबिताच्या माहेरचे. मग एक माणूस, जो सेवेरिनला ओळखतच नव्हता, पण त्याच्या नावाचा होता. शेवटी शहरातून एक फोन आला, तो ताबिताने घेतला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"सेवेरिन," पलीकडून आई म्हणाली. युजेनीबाईंचं वय झालं होतं, आवाजाचं झालं नव्हतं. "तू जन्मलास तेव्हा मी तिथे होते, आठवतंय ना?"

"हो आई."

"मार्च महिना. बाहेर वादळ, सुईण दोन घरं पलीकडे अडकलेली. आणि रेडिओवरचा तो पोरगा मला सांगतो, ऑगस्ट!"

"आई, तो नियमांचा वाढदिवस आहे. तू मनावर घेऊ नकोस."

"मनावर घेत नाही. मी येतेय," आई म्हणाली.

शनिवारी सकाळी खाडी आरशासारखी होती. ताबिता माहेरी गेली नाही, पण त्याचं कारण एवढंच, की माहेरच तिच्याकडे आलं होतं. तीन रात्री गावातल्या सगळ्या भट्ट्या पेटल्या होत्या. टेबलावर केकांच्या दोन रांगा, वाळवलेला हॅलिबट, सीलच्या मटणाचं सूप, आणि मधोमध मात्ताक, म्हणजे व्हेलच्या कातडीचे चरबीसकट कापलेले तुकडे. सेवेरिनने सणाचा पांढरा अनोराक, म्हणजे डोक्यावरून घालायचा टोपीवाला अंगरखा, चढवला होता. तो त्याच्या लग्नातला. मानेपासून छातीपर्यंत तो अजून लग्नातलाच होता. खाली मात्र पोट आणि अनोराक यांच्यात वाटाघाटी चालू होत्या. आई कोचाच्या मधोमध बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं वाक्य सांगत होती, "मार्च."

पांढरं जहाज भूशिराआडून आलं आणि नांगर टाकून उभं राहिलं. ते चर्चपेक्षा उंच होतं, गावापेक्षा लांब होतं, आणि गावात त्या दिवशी माणसं होती त्याहून त्याला खिडक्या जास्त होत्या. पहिल्या रबरी बोटीतून एकटीच उतरली ती सफरीची प्रमुख, सिग्ने नावाची तरतरीत मुलगी, एका हातात वॉकीटॉकी आणि दुसऱ्या हातात नारिंगी झेंडा. तिने सेवेरिनचा हात हलवला, गावाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा किंचित उतरला.

"फारच सुंदर. फक्त ती टीव्हीची तबकडी जरा झाकता येईल? आणि पाहुण्यांसाठी काही खास करू नका हं. रोज जे करता तेच करा."

रोज या वेळी गाव मासेमारीला गेलेलं असतं, हे सेवेरिनने सांगितलं नाही. धक्क्यावर गेर्थ फुटबॉलचा शर्ट घालून बोटीचं इंजिन दुरुस्त करत होता, शेजारी गाणी मोठ्याने लावून. सिग्ने त्याच्याजवळ गेली.

"हे इंजिन नंतर केलं तर चालेल? आता जाळं दुरुस्त कराल?"

"जाळं फाटलेलं नाही," गेर्थ म्हणाला.

सिग्नेने क्षणभर विचार केला. "फाडता येईल?"

गेर्थने सेवेरिनकडे असं पाहिलं, जणू पुढची दहा वर्षं पुरेल एवढा दारूगोळा त्याला एका वाक्यात मिळाला होता.

मग पाहुणे आले. बोटीमागून बोट, आणि प्रत्येक बोटीतून तेच ते उतरत राहिले. कारण कंपनीने सगळ्यांना एकसारखी लाल जाकिटं दिली होती आणि एकसारखे काळे रबरी बूट. कोण बाई, कोण बुवा, कोण कुठल्या देशाचा, काही कळायला मार्ग नाही. सेवेरिनने घरी पाठ केलेलं स्वागताचं भाषण सुरू केलं. लाल माणसं थबकली आणि त्याच्यापासून बऱ्यापैकी अंतर राखून अर्धवर्तुळात उभी राहिली. तो दोन पावलं पुढे गेला. ती दोन पावलं मागे सरली. तो डावीकडे सरकला, अर्धवर्तुळही सरकलं.

"त्यांना काय झालंय?" त्याने सिग्नेला हळूच विचारलं.

सिग्ने लाल झाली. "सकाळी व्याख्यानात सांगितलं होतं, की अंतर ठेवा, अचानक हालचाल करू नका. ते वालरसबद्दल होतं. काहींचा घोटाळा झालेला दिसतोय."

नायालिकच्या इतिहासात दुकानाच्या मॅनेजरची इतकी शिस्तबद्ध बेइज्जती कोणी केली नव्हती. तरी यजमान तो यजमान. सेवेरिनने पोट आत घेतलं आणि सगळ्यांना जांभळ्या घराकडे नेलं.

दारात आई उभी होती. "बूट," ती म्हणाली, आणि खाली बोट दाखवलं. भाषांतराची गरज पडली नाही. शंभर माणसांनी शंभर जोड एकसारखे बूट सेवेरिनच्या पायऱ्यांवर काढून ठेवले. त्या क्षणी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आत चूल पेटलेली, माणसं खच्चून भरलेली; मग जाकिटंही निघाली आणि आतल्या खोलीत आईला झोपायला दिलेल्या पलंगावर त्यांचा लाल डोंगर झाला. जाकिटाखाली शेवटी माणसं निघाली: टकलू, पिकल्या केसांची, सुईसारखी बारीक, कोचासारखी रुंद.

पण ती खाईनात. प्रत्येकाच्या हातात बशी, बशीत केक, चेहऱ्यावर कौतुक, आणि केक जागच्या जागी. एक बुवा आपल्या केकचा फोटो काढून त्याच्याकडे आदराने पाहत उभे राहिले. ताबिता किटली घेऊन पुढे आली. तीन रात्रींचं जागरण तिच्या डोळ्यांत जमा झालं होतं.

"यांना विष वाटतंय का?"

"बाहेरचं खाऊ नका असं बोटीवरच्या डॉक्टरांनी सांगितलंय," सिग्ने जमिनीकडे पाहत म्हणाली. "पोटांची काळजी म्हणून."

आता मात्र सेवेरिनचा स्वाभिमान खऱ्या अर्थाने दुखावला. वालरस समजलात, ठीक. पण माणूस समजून घरात आलात आणि ताबिताच्या केकला हात लावणार नाही? त्याचं टीव्हीवरचं इंग्रजी त्याच्या मदतीला धावून आलं. त्याने टेबलावर हात आपटला आणि म्हणाला, "इन माय हाउस, यू ईट!"

मालिकेत या वाक्यानंतर नेहमी गोळीबार होई. इथे एक पिकल्या केसांच्या ठेंगण्या जर्मन बाई पुढे आल्या. त्यांचं नाव रोझविथा. त्यांनी मात्ताकचा एक तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि चावू लागल्या. मात्ताक चावणं हे काम आहे. सगळे बघत राहिले. कोचावरून सेवेरिनची आईही बघत होती. बाईंनी गिळलं, डोळे मिटले, उघडले, आणि दुसरा तुकडा घेतला.

त्यानंतर केकांची काय अवस्था झाली ते सांगायला नको. खाण्याला खंड पडला तो फक्त धुक्याचा. समुद्रावरून ते आलं आणि बघता बघता जहाज दिसेनासं झालं. वॉकीटॉकी खरखरली, की रबरी बोटी थांबवल्या आहेत, पाहुण्यांना तिथेच ठेवा. वेळापत्रक कोसळलं, आणि काफेमिक सुरू झालं. मावसभावंडांनी ॲकॉर्डियन काढलं. टकलू बुवा आईशेजारी बसून मार्च महिन्याची सगळी हकिकत ऐकत होते. एक अक्षर कळत नव्हतं, पण वादळाच्या जागी अचूक मान हलवत होते. गेर्थने फुटबॉलच्या शर्टातच दोन हात पसरून, त्याच्या हातून निसटलेला हॅलिबट केवढा होता ते दाखवलं. पिवळ्या पिशव्यांबद्दल एवढंच सांगतो, की पुरल्या.

संध्याकाळी धुकं जरा विरळ झालं आणि जहाजाने भोंगा दिला. सिग्नेने झेंडा उंचावला. पाहुणे दारात आले आणि दारातच अडकले.

गावातली मोठी कुत्री साखळीला असतात, पण पिल्लं मोकळी. दिवसभर पिल्लांना खेळायला शंभर जोड बूट मिळाले होते. काही पायऱ्यांवर उरले, काही पाणीघरामागे होते, एक चर्चच्या दारात, आणि बरेचसे खडकांवर असे पसरलेले, जणू एखादं सैन्य बूट टाकून पळालंय. सगळे काळे, सगळे एकसारखे. नंबर आतल्या बाजूला होते, आणि आतली बाजू पिल्लांनी आधी खाल्ली होती.

मग जे झालं ते युद्ध नव्हतं, पण नंतर गावात त्याच नावाने ओळखलं गेलं. एका बाईंना दोन डावे मिळाले, तर एका बुवांना दोन उजवे; ते दोघे एकमेकांना शोधत तीनदा गावाला प्रदक्षिणा घालून आले. सेवेरिनने दुकान उघडून होत्या तेवढ्या चपला आणि लोकरीचे मोजे वाटले. ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांना गावकऱ्यांनी पाठीवर घेतलं. अंधुक धुक्यात, थंडीत, हातात येईल ते जाकीट अंगावर टाकून जो तो कोणाला तरी धक्क्याकडे वाहून नेत होता. भोंग्यावर भोंगा वाजत होता. बोटी भरल्या, गेल्या, पुन्हा आल्या. शेवटच्या बोटीतून सिग्नेने मोजे घातलेला पाय हलवून निरोप घेतला, आणि जहाज धुक्यात विरघळलं.

सेवेरिन घरी आला. अनोराकची शिवण दोन्ही बाजूंनी उसवली होती, पण मन हलकं होतं. आपण शंभर परदेशी माणसं जेवू घातली आणि एकही कमी-जास्त न होता परत पाठवली, असं तो ताबिताला सांगत होता, तेवढ्यात आतल्या खोलीतून आईची हाक आली.

"सेवेरिन! माझ्या पलंगावर कोणीतरी आहे."

जाकिटांचा डोंगर उपसल्यावर उरलेल्या चादरींखाली रोझविथाबाई गाढ झोपल्या होत्या. जहाजावर तीन रात्री समुद्राने त्यांना डोळा लागू दिला नव्हता. स्थिर पलंग दिसला आणि त्या आडव्या झाल्या. बाई जाग्या झाल्या. खिडकीतून रिकाम्या खाडीकडे पाहिलं, जहाज नाही याची खात्री करून घेतली, आणि म्हणाल्या, "कॉफी आहे?"

"पण त्यांनी माणसं मोजली असतील ना?" ताबिता कुजबुजली. "एक कमी भरलं असणार!"

याचं उत्तर फोनने दिलं. पलीकडे सिग्ने होती आणि तिचा आवाज रडवेला झाला होता.

"माणसं बरोबर भरली. चढताना प्रत्येकाचं कार्ड यंत्राला लावलं, सगळी हिरवी लागली. कार्ड जाकिटाच्या खिशात असतं. पण आता डॉक्टर रोझविथा यांच्या खोलीत त्यांचंच जाकीट घातलेले एक गृहस्थ बसले आहेत आणि ते जर्मन बोलत नाहीत. पुढे बर्फ आहे, कप्तान मागे वळायला तयार नाही. पुढचं बंदर तीन दिवसांवर आहे. बोला त्यांच्याशी."

फोनमध्ये काट्याचमच्यांचा आवाज आला.

"सेवेरिन?" गेर्थ म्हणाला. तोंडात घास होता. "अरे, एका म्हातारबुवांना बोटीत बसवायला गेलो, टेकलो जरा, तर निघालीच की बोट. तू काळजी करू नकोस. इथे दिवसातून पाच वेळा जेवायला घालतात. गरम पाण्याची टाकी आहे, नुसतं बसायला. आणि ऐक, उद्या सकाळी माझं व्याख्यान ठेवलंय. 'उत्तरेकडच्या कोळ्याचं खरं जीवन.' ती पोरगी म्हणते मी फार अस्सल आहे."

सेवेरिनला काहीतरी म्हणायचं होतं. फोन त्याने घेतला होता, होकार त्याने दिला होता, भिंत त्याने रंगवली होती, दुसऱ्यांदा जन्मला तो होता. पण इंग्रजी तर सोडाच, त्याला मातृभाषेतलाही शब्द सुचेना. फोन कानाला, आ वासलेला, असा तो खोलीच्या मधोमध उभा राहिला.

रोझविथाबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. खिडकीत ठेवलेली बॅटरी उचलली, पेटवली, आणि टाचा उंचावून त्याच्या तोंडात डोकावल्या. चाळीस वर्षं त्यांनी दातांचा दवाखाना चालवला होता.

"असंच उघडं ठेवा," त्या म्हणाल्या. "खालची डावी दाढ. काढावी लागेल."

दारात, कॉफी पिऊन निघालेली माणसं थबकली. गावात दातांचा डॉक्टर येऊन दीड वर्ष झालं होतं. अब्राहामआजोबांनी टोपी काढली, गालावर हात ठेवला आणि म्हणाले, "याच्यानंतर माझा नंबर."